240झेडमध्ये एलएस व्ही8: रेडिएटर बदलूनही गाडी तापते तेव्हा

डॅटसन 240झेडमध्ये (निस्सानची सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्स कार) जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं, आठ सिलिंडरचं एलएस इंजिन बसवलं, गाडी सुरू झाली, दोन-चार फेऱ्या झाल्या आणि तापमानाचा काटा 105-110 अंश सेल्सिअसकडे निघाला. मग मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर आणला. आठवडाभर बरं गेलं, पुन्हा तेच. या इंजिनबदलात सगळ्यात जास्त वेळा परत येणारी तक्रार हीच, आणि पैसेही सगळ्यात जास्त वाया जातात ते रेडिएटरवरच.

रेडिएटर शेवटी बघायचा. कारण साधं आहे. 240झेडचं मूळ एल24 इंजिन 2393 सीसीचं, एका रांगेत सहा सिलिंडर, 151 अश्वशक्ती. त्याच्या जागी येतं 5.7 लिटरचं एलएस1, जे 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये पहिल्यांदा 345 अश्वशक्तीचं म्हणून आलं, किंवा भंगारात सहज मिळणारं ट्रकचं 5.3 लिटर. आकडे बघून वाटतं की ताकद दुप्पट म्हणजे उष्णताही दुप्पट. पण सपाट रस्त्यावर ताशी 100 किलोमीटरने जायला या हलक्या गाडीला वीसेक अश्वशक्ती पुरते, मग पुढे इंजिन कोणतंही असो. तेवढ्या कामाची उष्णता बऱ्या स्थितीतला कुठलाही तीन-चार सिलिंडरच्या गाडीचा रेडिएटरसुद्धा काढून टाकेल. फरक पडतो तो उभ्या गाडीत. 5.7 लिटर नुसतं आयडलवर ठेवायलाच जास्त पेट्रोल जळतं, आणि तिथे वारा असतो फक्त पंख्याचा. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं गाडी पिळायची असेल तर मोठा रेडिएटर हवाच, तो वेगळा विषय. रस्त्यावरच्या गाडीत मात्र दोष बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी सापडतो: इंजिनात अडकलेली हवा, पंख्याला न मिळणारा करंट, किंवा रेडिएटरला वळसा घालून जाणारा वारा.

आधी काटा खरं बोलतो का ते बघा

डॅशबोर्डवरचा डॅटसनचा मूळ काटा डॅटसनच्याच सेंडरशी (काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरशी) जमतो. जीएमचा सेन्सर डाव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढच्या टोकाला असतो, दोन वायरींचा, आणि तो फक्त ईसीएमसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरसाठी आहे. त्याच्या वायरीला टाका मारून डॅशचा काटा चालवायला गेलं की दोन्हीकडे खोटं वाचन मिळतं. ईसीएमला इंजिन आहे त्याहून गरम किंवा गार वाटतं आणि पेट्रोलचं गणित बिघडतं ते वेगळंच.

डॅटसनचा सेंडर ॲडॅप्टर लावून उजव्या हेडच्या मागच्या टोकाला बसवतात. तिथे एम12×1.5 आट्याचं बूच असतं. हा सेंडर एका वायरीचा, त्याचं अर्थिंग आट्यांमधूनच होतं. म्हणून त्यावर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे दिले की काटा कमी दाखवायला लागतो. लिक्विड सीलंट वापरा आणि तेही बेताने.

मग ओबीडी-2 स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान वाचा आणि डॅशच्या काट्याशी ताडून बघा. हेडचा मागचा भाग पुढच्यापेक्षा थोडा गरम असतोच, त्यामुळे काही अंशांचा फरक चालेल. 12-15 अंशांचा फरक असेल तर गाडी नाही, काटा बिघडलाय.

आणखी एक. एलएसचा कारखान्यातला थर्मोस्टॅट साधारण 86 अंशांचा आहे, आणि कॅमॅरोमध्ये जीएमने पंख्याचा पहिला वेग साधारण 108 अंशांवर आणि दुसरा साधारण 113 वर ठेवला होता. म्हणजे मूळ सेटिंग न बदललेलं एलएस1 ट्रॅफिकमध्ये 105 दाखवत असेल तर ते बिघाडाचं लक्षण नाही, ते सांगितल्याप्रमाणेच वागतंय. डॅटसनच्या काट्यावर हे 'लालच्या जवळ' दिसतं आणि माणूस घाबरतो. ट्यूनमध्ये (ईसीएमच्या सेटिंगमध्ये) पहिला पंखा 94-95 वर आणि दुसरा 100 च्या आसपास आणला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पंखा थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानाच्या खाली मात्र लावू नका, तो कधी बंदच होणार नाही.

काटा कधी चढतो, हाच सगळा तपास

पाना हातात घेण्याआधी एक दिवस नुसती गाडी चालवा आणि लिहून ठेवा.

सिग्नलला चढतो आणि गाडी 50-60 च्या वेगाला लागली की उतरतो: पंखा, त्याचं कव्हर किंवा त्याची वायरिंग. गावात शांत, पण हायवेला किंवा चढाला हळूहळू वर सरकत राहतो: वाऱ्याचा मार्ग, खालचा होज, रेडिएटरचं झाकण. एकदम उडी मारून 10-15 अंश चढतो आणि तसाच झपकन खाली येतो, मधूनच हीटरचा वारा गार पडतो: आत हवा आहे. गाडी बंद केल्यावर पाच-दहा अंश चढतो: काही नाही, पंप थांबला की असंच होतं. तापमान ठीक, पण पाणी बाहेर फेकलं जातं: झाकण किंवा हेड गॅस्केट.

हवा: झेडमध्ये ही अडचण हमखास का येते

जुन्या शेव्हरोलेट व्ही8 मध्ये पाण्याचा सगळ्यात वरचा बिंदू इनटेक मॅनिफोल्डवर, थर्मोस्टॅटच्या घरात असायचा. हवा आपोआप तिथे जमायची. एलएसच्या इनटेकमधून पाणी फिरतच नाही. दोन्ही होज वॉटर पंपाला, थर्मोस्टॅट खाली पंपात पाणी शिरतं तिथे. हेडमध्ये तयार होणारी वाफ आणि हवा बाहेर पडायला चार कोपऱ्यांना चार बारीक छिद्रं ठेवली आहेत. बहुतेक इंजिनांत पुढची दोन एका नळीने जोडून बाहेर काढलेली आणि मागची दोन बंद असतात. या नळीचं तोंड साधारण 6 मिलिमीटरचं. इंजिन बसवताना अनेक जण ते 'नको असलेलं व्हॅक्यूमचं तोंड' समजून रबरी बुचाने बंद करतात. झालं, दुखण्याला सुरुवात.

दुसरी गोष्ट झेडच्या आकाराची. बॉनेट नाकाकडे उतरतं, म्हणून रेडिएटर बुटका. एलएस उभं केलं की हेडच्या पुढच्या वाफेच्या छिद्राची उंची रेडिएटरच्या झाकणाच्या बरोबरीला किंवा त्याच्याही वर येते. मग रेडिएटर काठोकाठ भरला तरी हेडच्या वरच्या कोपऱ्यात हवा राहतेच, कारण पाणी आपली पातळी सोडून वर चढत नाही.

हे डोळ्यांनी ठरवू नका, बॉनेटचा उतार फसवतो. गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तीच घ्या. गाडी सपाट जमिनीवर उभी. नळीचं एक टोक वाफेच्या नळीच्या तोंडाला टेकवा, दुसरं रेडिएटरच्या मानेजवळ धरा आणि या टोकातलं पाणी कुठे उभं राहतं तिथे पेन्सिलीची खूण करा. खूण मानेच्या वर गेली तर रेडिएटरच्या झाकणावरून ही गाडी कधीच पूर्ण भरणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि बाकी सगळा तपास त्यावर ठरतो.

इलाज म्हणजे दाब सहन करणारी एक्स्पान्शन टाकी, एक ते दीड लिटरची. जागा फायरवॉलजवळ किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या टॉवरला लागून, तिथे बॉनेट उंच असतं. जोडणी अशी:

- वरच्या अंगाला दोन बारीक नळ्या. एक हेडच्या वाफेच्या तोंडातून, दुसरी रेडिएटरच्या सगळ्यात वरच्या बिंदूतून. दोन्ही सतत चढत जायला हव्यात. मध्ये झोल पडला की त्या झोलात पाणी साचतं आणि हवा अडते.
- तळातून 19 मिलिमीटरचा होज, टी टाकून हीटरच्या परतीच्या होजमध्ये. पंपावरच्या हीटरच्या दोन तोंडांपैकी जाड ते परतीचं, म्हणजे पंप जिथे पाणी ओढतो त्या बाजूचं.
- दाबाचं झाकण टाकीवर, 16 पीएसआयचं. रेडिएटरच्या मानेवर न उघडणारं साधं झाकण. दोन्हीकडे दाबाची झाकणं ठेवली तर कमी दाबाचं आधी उघडतं आणि टाकीचा उपयोग शून्य.
- थंड असताना टाकी दोन-तृतीयांश भरलेली. वरची जागा हवेसाठीच आहे, ती 'थोडी कमी दिसते' म्हणून भरू नका.

वाफेची नळी 'जास्त चांगली' म्हणून 10-12 मिलिमीटरची टाकू नका. मग बरंच गरम पाणी रेडिएटर चुकवून थेट पंपात परत जातं आणि उलट गाडी जास्त तापते. पंपाच्या वरच्या भागाला छिद्र पाडून वाफेची नळी तिथे जोडण्याची पद्धतही दिसते. ते छिद्र पंपाच्या बाहेर जाणाऱ्या गरम पाण्यात पडतं. तिथला आणि हेडमधला दाब जवळपास सारखा, त्यामुळे नळीत प्रवाह जेमतेम. सोपं आहे म्हणून लोक करतात. टाळलेलं बरं.

इंजिनाचा कलही मोजा. मूळ रचनेत इंजिनाचं पुढचं टोक किंचित वर असतं, हवा पुढे येते आणि पुढच्या छिद्रांतून निघते. ऑइल पॅन क्रॉसमेंबरवरून जावं म्हणून किंवा गिअरबॉक्सचं मागचं टोक टनेलमध्ये उचललं म्हणून इंजिन पुढे झुकलेलं असेल, तर हवा हेडच्या मागच्या कोपऱ्यांत जमते आणि तिथली छिद्रं बंद. अशा वेळी कल सुधारा. ते शक्यच नसेल तर मागची दोन्ही छिद्रं उघडून ती नळीही टाकीला आणा. फायरवॉल आणि हेडमध्ये हात जाईल एवढी जागा नसते, म्हणून हे इंजिन बाहेर असतानाच उरकून घ्यावं.

हीटरचे होज

हीटर काढून टाकला आणि पंपावरची दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली, हे सर्रास दिसतं. थर्मोस्टॅट पंपाच्या आत जाणाऱ्या बाजूला असल्यामुळे त्याला इंजिनातल्या गरम पाण्याची चाहूल लागते ती याच फिरत्या पाण्यामुळे. तो प्रवाह तोडला की थर्मोस्टॅट उशिरा उघडतो, मग एकदम रेडिएटरचं गार पाणी येतं, तो मिटतो, पुन्हा तापतं. काटा लाटांसारखा वरखाली होतो. बुचं काढा आणि दोन्ही तोंडं एका होजने आपसात जोडा. एक 16 मिलिमीटरचं, दुसरं 19 चं, त्यामुळे मध्ये मापं बदलणारा जोड लागेल.

हीटर ठेवला असेल तर मूळ डॅटसनचा पाण्याचा कॉक बघा. कॉक बंद म्हणजे प्रवाह बंद, आणि वर सांगितलेली टाकी परतीच्या होजला जोडलेली. उन्हाळ्यात हीटर बंद केल्यावरच गाडी तापते आणि थंडीत नाही, अशी चकवणारी तक्रार इथूनच येते. चार तोंडांचा बायपास व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे हीटर बंद असतानाही पाणी बाहेरच्या बाहेर फिरत राहतं.

सिग्नलला तापते: पंखा

पहिली तपासणी कागदाची. पंखा चालू करा, ए4 कागद रेडिएटरच्या पुढून वेगवेगळ्या ठिकाणी धरा. चारही कोपऱ्यांना कागद चिकटून राहिला पाहिजे. पंखा नुसता जाळीवर बांधलेला असेल तर कागद फक्त पात्यांसमोरच्या गोलात चिकटतो आणि कोपऱ्यांतून गळून पडतो. म्हणजे निम्म्या रेडिएटरला उभ्या गाडीत वारा नाहीच. पूर्ण रेडिएटर झाकणारं कव्हर हवं. कव्हर आणि जाळीत दोन-तीन सेंटिमीटर पोकळी ठेवा आणि कडांना फोमची पट्टी लावा.

कागद पुढे उडून गेला तर पंखा उलटा फिरतोय. प्लस-मायनस अदलाबदल झाली की हे होतं, आणि आवाजावरून कळत नाही. हायवेवर मग पंखा आणि वारा एकमेकांना ढकलत बसतात.

नंतर मल्टिमीटर. पंखा चालू, इंजिन आयडलवर, हेडलाइट लावलेले. मीटरच्या सुया पंख्याच्या कनेक्टरच्या मागून आत घाला, बॅटरीवर मोजून उपयोग नाही. 13 व्होल्टच्या वर असेल तर ठीक. 11 दिसत असेल तर पंखा जेमतेम निम्मं काम करतोय. मग प्लसच्या बाजूला आणि अर्थिंगच्या बाजूला किती व्होल्ट गळतात ते वेगवेगळं मोजा. पन्नास वर्षं जुन्या गाडीत अर्थिंगच जास्त वेळा दोषी निघतं. रंगावर कसलेला बोल्ट, बाकी काही नाही.

या गाडीची मूळ वायरिंग छोट्या अल्टरनेटरसाठी आहे. मोठा पंखा चालताना 30-40 अँपिअर खातो, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट. तो जुन्या फ्यूज बॉक्समधून चालवायचा विचारही नको. बॅटरी किंवा अल्टरनेटरवरून थेट 6 चौरस मिलिमीटरची वायर, 40 चा फ्यूज, 40 चा रिले, आणि अर्थिंगची वायरही तेवढीच जाड. लिंकन मार्क 8 या गाडीचा मोठा पंखा लावणार असाल तर फ्यूज आणि रिले त्याहून वरचे.

ट्रकच्या 5.3 मध्ये एक खास गोम आहे. त्या ट्रकमध्ये सुरुवातीची काही वर्षं पंखा बेल्टवर चालायचा. त्यामुळे ईसीएमच्या कनेक्टरमध्ये इलेक्ट्रिक पंख्याची वायरच नसते आणि ट्यूनमध्येही तो बंद असतो. रिले बसवला, वायर ओढली, तरी पंखा सुरू होत नाही, कारण आज्ञा देणाराच गप्प. पिन घालून ट्यूनमध्ये पंखा चालू करावा लागतो. आणि लक्षात ठेवा, ईसीएम रिलेला प्लस देत नाही, अर्थिंग देतं. रिले त्या हिशेबाने जोडा.

जागेचं गणितही इंजिन घेतानाच करून ठेवा. बेल्ट आणि पुल्या कोणत्या गाडीच्या, यावर पंख्याला जागा किती उरते ते ठरतं. कॉर्व्हेटची मांडणी सगळ्यात आखूड. कॅमॅरोची तिच्यापेक्षा 19 मिलिमीटर पुढे, ट्रकची 38 मिलिमीटर पुढे. हे 38 मिलिमीटर म्हणजे चांगला पंखा आणि कव्हर बसणं किंवा पातळ, दुबळा पंखा घ्यावा लागणं. ट्रकच्या पुल्या ठेवून मग पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही.

वेगात तापते: वारा जातो कुठे

हे पंख्यापेक्षा अवघड, कारण गाडी उभी असताना काहीच दिसत नाही. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसहून उत्तरेला जाताना ग्रेपव्हाइनचा लांब चढ लागतो (आपला कसारा आठवावा असा, पण रुंद आणि उन्हात तापलेला). तिथे गाडी ताशी शंभरने जाते, पंख्याची गरज नसते, तरी काटा वर सरकतो.

वारा आळशी असतो. रेडिएटरच्या जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटणं त्याला सोपं. झेडच्या नाकात ग्रिल आणि रेडिएटरच्या मध्ये भरपूर मोकळी जागा आहे, आणि रेडिएटरच्या दोन्ही अंगांना, वर आणि खाली फटी आहेत. 1.5 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून ग्रिलपासून रेडिएटरपर्यंत बोगदा करा, कडांना रबर लावा. रेडिएटरवरची पट्टी बॉनेटला टेकेल अशी. बोटभर रुंद फटसुद्धा सोडायची नाही. नवीन रेडिएटरच्या पैशापेक्षा हे पत्र्याचं काम जास्त फळ देतं, फक्त ते दिसायला काही खास नसतं म्हणून लोक करत नाहीत.

मग वारा बाहेर कुठे पडतो ते बघा. रुंद व्ही8 आणि दोन्ही बाजूंचे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) बसले की इंजिनाची खोली भरून जाते. आत दाब वाढला की रेडिएटरमधून वारा कमी येतो. नाकाखाली एअर डॅम (वारा अडवणारी उभी पट्टी) लावला की गाडीखालचा दाब उतरतो आणि वारा खालून ओढला जातो. बॉनेटला छिद्रं पाडायची तर रेडिएटरच्या लगेच मागे, पुढच्या तिसऱ्या भागात. बॉनेटची मागची कड किंचित उचलून ठेवायची फॅशन आहे, ती उलटी पडते: काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो, तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसते. निस्साननेही 1977-78 च्या 280झेडच्या (240झेडचीच पुढची आवृत्ती) बॉनेटवर हवेसाठी झडपा दिल्या होत्या, म्हणजे सहा सिलिंडरवरही ही खोली तापतच होती.

वाऱ्याचं सगळं ठीक असेल तर खालचा होज. मदतनीसाला ॲक्सिलरेटर 3500-4000 वर धरायला सांगा आणि होजकडे टॉर्च मारा. चपटा होत असेल तर पंप पाणी ओढतोय, पण रेडिएटर तेवढं सोडत नाही, किंवा होज मऊ पडलाय. आत स्प्रिंग असलेला किंवा कडक, साच्यातला होज घ्या. मापं बघून: एलएसच्या पंपाला वरचा होज 32 मिलिमीटरचा, खालचा 38 चा. जुन्या शेव्हरोलेटसाठीचा रेडिएटर घेतला तर त्याची तोंडं मोठी असतात आणि होज क्लिपने आवळून बसवावा लागतो, तिथून हवा ओढली जाते आणि पाणी गळत नाही म्हणून कळतही नाही.

एक्स्पान्शन टाकी नसेल आणि रेडिएटर आडव्या प्रवाहाचा असेल, तर झाकण कुठल्या टोकाला आहे? गरम पाणी शिरतं त्या टोकाला असेल तर जास्त आरपीएमला पंपाचा दाब झाकणावर पडतो, झाकण उघडतं आणि पाणी बाहेर. झाकण नेहमी गार पाणी निघतं त्या टोकाला हवं.

थर्मोस्टॅटबद्दल थोडक्यात

71 अंशांचा 'गार' थर्मोस्टॅट टाकून तापणं थांबत नाही. थर्मोस्टॅट तापमान कुठून सुरू होईल ते ठरवतो, कुठे थांबेल ते रेडिएटर आणि वारा ठरवतात. गाडी 110 ला जायला थोडा जास्त वेळ घेते, इतकंच. शिवाय ईसीएमला इंजिन कधी पूर्ण तापलेलं वाटतच नाही, पेट्रोल जास्त जातं आणि पी0128 हा कोड (इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा) येतो. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या मॉडेलना धुराच्या तपासणीतून सूट आहे, त्यामुळे 240 वाल्यांना तिथे त्रास नाही. 1976 ते 78 च्या 280झेडला मात्र ही तपासणी आणि बदललेल्या इंजिनासाठी रेफरीची (सरकारी खास तपासनीसाची) तपासणी, दोन्हीतून जावं लागतं. तिथे हा थर्मोस्टॅट अडचणीत आणतो.

थर्मोस्टॅटच्या चकतीला बारीक छिद्र पाडायची जुनी युक्ती इथे कामाची नाही. हवा वर जाते आणि एलएसचा थर्मोस्टॅट खाली आहे.

पाणी कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही

आधी प्रेशर टेस्टर लावून थंड इंजिनावर 16 पीएसआय दाब द्या, पंधरा मिनिटं. काटा उतरला आणि बाहेर ओल नाही, म्हणजे पाणी आत जातंय. मग रेडिएटरच्या मानेवर रासायनिक तपासणी: निळं द्रावण पिवळं पडलं की सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय, हेड गॅस्केट गेलं.

द्रावण निळंच राहिलं आणि तरी पाणी जातंय, तर 5.3 असेल तर हेडवरचा कास्टिंग नंबर बघा. 706 नंबरच्या काही हेडवर रॉकरजवळ 'कॅसटेक' अशी खूण असते. ही हेड आतून बारीक तडकतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. व्हॉल्व्ह कव्हर काढा, रॉकरच्या आसपासचं ॲल्युमिनियम एका ठिकाणी धुतल्यासारखं स्वच्छ दिसेल, बाकी सगळीकडे तपकिरी. तिथेच तडा. वेल्डिंगच्या नादी लागू नका, दुसरं हेड शोधा.

नवा रेडिएटर वर्षभरात बारीक छिद्रांनी गळायला लागला, तर वीज पाण्यातून जातेय. मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनसला, दुसरी पाण्यात बुडवा, जाळीला न टेकवता. पंखा, लाइट, पंप एकेक करून चालू करा. 0.1 व्होल्टच्या वर गेलं की नुकतंच चालू केलेलं जे असेल त्याचं अर्थिंग दुरुस्त करा.

भरायची पद्धत

हे सगळं करून झाल्यावर घाईने भरलं तर पुन्हा हवाच राहते.

गाडीचं नाक जॅकने 30-40 सेंटिमीटर उचला, स्टँडवर टेकवा. हीटर पूर्ण गरमवर. वाफेची नळी टाकीकडच्या टोकाला सोडून बाटलीत धरा. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी, एकाच प्रकारचं कूलंट. जीएमचं नारिंगी आणि जुनं हिरवं मिसळायचं नाही. टाकीतून हळूहळू ओता. वाफेच्या नळीतून बुडबुडे थांबून सलग धार आली की नळी जोडा. इंजिन, रेडिएटर, हीटर मिळून साधारण 10 ते 12 लिटर जातं. सात-आठ लिटरवरच 'भरली' वाटली तर ती भरलेली नाही.

झाकण न लावता इंजिन सुरू करा, आयडलवर ठेवा. वरचा होज मधूनमधून दाबा, बोटं जपून, पंख्याच्या पात्यांपासून लांब. खालचा होज एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भरा, झाकण लावा. पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या. मग पूर्ण थंड होईपर्यंत थांबा, म्हणजे रात्रभर, आणि सकाळी पातळी बघा. बहुतेक वेळा अर्धा लिटर तरी कमी झालेलं असतं. पुन्हा एकदा तापवा, पुन्हा थंड करा. दुसऱ्या सकाळी पातळी जागेवर राहिली तर हवा गेली.

व्हॅक्यूमने भरायचं यंत्र मिळत असेल तर हे दोन दिवस वाचतात: आधी आतली हवा ओढून काटा खाली न्या, पाच मिनिटं तो तिथेच टिकतो का बघा (टिकला नाही तर कुठेतरी गळती आहे, भरण्याआधीच कळलं), मग कूलंट आपोआप आत ओढलं जातं.